१५ ऑगस्टपासून लोकल सुरू... पण नक्की कोणासाठी?

८.१४ची_डोंबिवली
रविवार, ८ ऑगस्ट २०२१, रात्री ९:२०

आत्ताच मुख्यमंत्र्यांचं लाइव्ह संपलं. १५ ऑगस्टपासून लोकल सुरू. अट अशी की कोविड लशीचे दोन्ही डोस झालेले हवेत आणि दुसऱ्यानंतर १४ दिवस उलटलेले हवेत. मग ॲपवरून नाहीतर वॉर्ड ऑफिसातून क्यूआर कोडवाला पास. आई टाळ्या वाजवून म्हणाली, चला, सुटलास एकदाचा! म्हटलं अगं मी कुठला सुटतोय, तू सुटलीस.

आता माझा हिशोब ऐका. वय ३१. आमच्या वयोगटाला सरकारी लस उघडली १ मेला, मुंबईत मोजून पाच सेंटर, आणि १२ मेला साठा नाही म्हणून बंद. मग १९ जूनला तिशीच्या वरच्यांना आणि २२ जूनपासून १८ च्या वरच्या सगळ्यांना. मला २२ तारखेला मिळाली, कोविशिल्ड. दुसऱ्या डोसआधी ८४ दिवस थांबायचं, ते धरले की १४ सप्टेंबर. त्याच दिवशी स्लॉट मिळाला तर (हसू नका) वरचे १४ मिळवून २८ सप्टेंबर. म्हणजे गणपती येऊन जाणार, पितृपंधरवडा लागणार, तेव्हा मी गाडीत चढणार.

ऑफिस लोअर परळला, जुलैपासून रोज बोलावतात. कल्याण-शीळ रोडच्या ट्रॅफिकमध्ये एक बस, पुढे दुसरी, मग शेअर टॅक्सी, पोचेपर्यंत कंबरडं मोडतं आणि वर लेटमार्क लागतो तो वेगळाच. महिन्याच्या पासाचे पैसे दोन-तीन दिवसांत उडतात. सरकारने लस उशिरा दिली म्हणून मी उशिरा घेतली, आणि उशिरा घेतली म्हणून गाडी नाही. यात माझं काय चुकलं ते सांगा.

---

पवईचा_पाऊस
८ ऑगस्ट, रात्री ९:४१

माझं तुझ्या बरोबर उलट आहे, ऐकून अजून चिडशील. मी ८ मेला प्रायव्हेटमध्ये पैसे भरून घेतली, तेव्हा कुठे सातशे कुठे नऊशे असं चाललं होतं. ८४वा दिवस ३१ जुलै, त्या दिवशी दुसरा डोस घेतला. १४ ऑगस्टला माझे १४ दिवस पूर्ण. म्हणजे १५ ला मी एकदम कायदेशीर.

आणि मी वर्क फ्रॉम होम आहे. डिसेंबरपर्यंत तरी ऑफिसला बोलावणार नाहीत. गाडीत बसून करू काय, कर्जतला जाऊन वडे खाऊन येऊ?

---

गिरगावचा_चाळकरी
८ ऑगस्ट, रात्री ९:५५

पवई, नुसतं फिरायला जायचं असलं तरी महिन्याचाच पास काढावा लागणार हां. सुटं तिकीट देणार नाहीयेत.

धागाकर्ते, तुमच्याशी १००% सहमत. मुख्यमंत्री स्वतःच म्हणाले की मुंबईत दोन्ही डोस झालेले १९ लाख. मुंबईची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच सव्वा कोटीच्या घरात होती. आणि त्या १९ लाखांत ज्येष्ठ किती, घरी बसणारे किती, हॉस्पिटलवाले आणि पोलीस (जे आधीपासून गाडीत आहेतच) किती? नोकरीसाठी खरंच गाडी लागते असे उरले किती?

रच्याकने (म्हणजे बाय द वे), आमच्या चाळीतले निम्मे तरुण गेल्या वर्षीपासून 'हॉस्पिटलात' कामाला आहेत. आयकार्ड असं झकास छापलंय की एकदा मलाच बीपी दाखवावंसं वाटलं. पकडलं की ५०० दंड. पण रोजच्या ओला-उबरपेक्षा महिन्यातून एकदा पकडलं जाणं स्वस्त पडतं असा त्यांचा हिशोब.

---

आजोबा_ऑनलाइन
८ ऑगस्ट, रात्री १०:३०

मी तो घरी बसणारा ज्येष्ठ. मार्चमध्ये पहिला, एप्रिलमध्ये दुसरा, बीकेसीच्या जंबो सेंटरला. तेव्हा गॅप चार ते सहा आठवड्यांचा होता म्हणून सुटलो. मला गाडीने जायचंय कुठे? फार तर दादरला नातेवाइकांकडे, तेही ते बोलावत नाहीत अजून. माझा मुलगा ३६ वर्षांचा, भांडुपहून अंधेरीला स्कूटरने जातो, या पावसात, पवईच्या खड्ड्यांतून. घरातला पेन्शनर लोकलने हिंडू शकतो आणि कमावणारा खड्डे मोजतो. ज्यांना जास्त धोका त्यांना आधी लस हे मला पटलं होतं, आजही पटतं. पण लशीची रांग ज्या क्रमाने लावली त्याच क्रमाने पोटापाण्याचीही रांग लावायची हे डोक्यात शिरत नाही.

---

सडाफटिंग
८ ऑगस्ट, रात्री ११:०८

सगळा खेळ आहे. आधी म्हणाले यूकेचा स्ट्रेन, मग डबल म्युटंट, मग डेल्टा, आता डेल्टा प्लस. ग्रीक बाराखडी संपेपर्यंत आपल्याला घरात डांबणार आहेत. जूनमध्ये अख्ख्या महाराष्ट्रात डेल्टा प्लसचे २१ पेशंट सापडले, एकवीस! आणि त्यावर ११-१२ कोटी लोकांना परत लेव्हल तीनच्या निर्बंधांमध्ये घातलं. मी लस घेतलेली नाही, घेणारही नाही, ट्रेन मिळाली नाही तरी चालेल, बाइक आहे.

---

मायक्रोस्कोप
९ ऑगस्ट, सकाळी ७:१५

लॅबमध्ये काम करतो म्हणून थोडं लिहितो. लांबेल, चहा घेऊन बसा.

सडाफटिंग, २१ चा आकडा बरोबर. रत्नागिरी ९, जळगाव ७, मुंबई २, बाकी पालघर, ठाणे, सिंधुदुर्ग एकेक. पण सगळ्याच पॉझिटिव्ह नमुन्यांचं सिक्वेन्सिंग (विषाणूचा जनुकीय क्रम वाचणं) होत नाही, थोड्यांचंच होतं, त्यामुळे सापडले २१ म्हणजे होतेच २१ असं नाही. डेल्टा प्लस म्हणजे डेल्टाच, त्याच्या स्पाइकवर (विषाणूच्या अंगावरच्या काट्यांवर) के४१७एन नावाचा आणखी एक बदल. हाच बदल दक्षिण आफ्रिकेतल्या बीटामध्ये होता आणि बीटा अँटिबॉडींना थोडा चुकवत होता, म्हणून शास्त्रज्ञांचे कान टवकारले. रास्तच होतं ते. पण प्लस हे नाव ऐकून लोकांना वाटतं की हा डेल्टाचा बाप. तसं अजून तरी दिसलेलं नाही. घाबरायचंच असेल तर साध्या डेल्टाला घाबरा. एप्रिलमध्ये जे झालं त्यात मोठा वाटा त्याचा, आणि प्लसच्या नादात लोक त्याला जुना पाहुणा समजून विसरलेत.

आता दोन डोसच का? जुलैमध्ये ब्रिटनचा अभ्यास छापून आला. डेल्टाविरुद्ध एका डोसने लक्षणं असलेल्या आजारापासून संरक्षण जेमतेम ३० टक्के. ॲस्ट्राझेनेकाचे म्हणजे आपल्या कोविशिल्डचे दोन डोस झाले की ६७. त्यामुळे 'एक डोसवाल्यांनाही चढू द्या' या मागणीला शास्त्राचा आधार कच्चा आहे, माफ करा. १४ दिवसांचंही तसंच, दुसऱ्या डोसनंतर शरीराला तेवढा वेळ लागतो.

पण धागाकर्त्याचं दुखणं १४ दिवसांचं नाही, ८४ चं आहे, आणि तिथे तो बरोबर आहे. आपल्याकडे १३ मेला गॅप वाढवून १२ ते १६ आठवडे केला. दुसऱ्याच दिवशी, १४ मेला, ब्रिटनने पन्नाशीवरच्यांसाठी १२ वरून ८ आठवड्यांवर आणला, कारण काय तर डेल्टा. लांब गॅपने प्रतिकारशक्ती जास्त चांगली तयार होते हे खरं आहे. पण डेल्टा गावभर फिरत असताना माणसाला तीन महिने एका डोसवर ठेवायचं आणि वर म्हणायचं की दोन झाल्याशिवाय गाडीत येऊ नको, ही दोन धोरणं एकाच कागदावर मांडली तर जुळत नाहीत. गॅप वाढवण्यामागे लशीचा तुटवडा किती आणि शास्त्र किती, यावर माझं मत आहे पण ॲडमिन बसलेत.

---

८.१४ची_डोंबिवली
९ ऑगस्ट, सकाळी ७:४०

मायक्रोस्कोप, धन्स. बसमधून वाचला प्रतिसाद, शिळफाट्याला अडकलोय. म्हणजे कोव्हॅक्सिन घेतली असती तर?

---

मायक्रोस्कोप
९ ऑगस्ट, सकाळी ८:०२

२२ जूनला कोव्हॅक्सिन घेतली असतीस तर गॅप २८ दिवस, २० जुलैला दुसरा, ३ ऑगस्टला मोकळा. पण तेव्हा सेंटरला विचारायची सोय होती का? जी आली ती घेतली लोकांनी. कोणती कुपी फुटली यावर गाडी ठरतेय.

---

ॲडमिन
९ ऑगस्ट, सकाळी १०:००

पक्षीय राजकारणावरचे चार प्रतिसाद उडवले आहेत. रेल्वे केंद्राची की राज्याची, कोणी कुठल्या स्टेशनवर आंदोलन केलं, हायकोर्ट कोणाला काय म्हणालं, यासाठी वेगळा धागा आहे. तिथे मनसोक्त भांडा.

---

पंगतवाली
९ ऑगस्ट, दुपारी ४:४०

हॉटेल बंद करून आले, म्हणून या वेळेला लिहितेय. दादरला आमचं छोटं हॉटेल आहे, बारा टेबलं, सासूबाईंनी सुरू केलेलं.

तुमचा सगळ्यांचा विषय लोकल, माझा विषय चार. ७ जूनपासून चारला शटर. मुंबईचा पॉझिटिव्हिटी रेट कधीचा पाच टक्क्यांच्या खाली गेलाय, नियमाप्रमाणे लेव्हल एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कमी निर्बंधांत, असायला हवं होतं, पण २५ जूनला डेल्टा प्लसमुळे आदेश निघाला की तीनच्या खाली कोणीच जायचं नाही. बरं म्हटलं. ३ ऑगस्टपासून दुकानं रात्री दहापर्यंत उघडली, कपड्यांची, चपलांची, भांड्यांची, सगळी. हॉटेल मात्र चारच. शेजारी साड्यांच्या दुकानात बायका दहापर्यंत एकमेकींच्या खांद्यावरून पदर बघणार आणि माझ्याकडे एका टेबलावर दोन माणसं बसली की व्हायरस येणार.

दादरचा धंदा चारलाच सुरू होतो हो. साडेतीनला वड्याचं सारण मळून परातीत तयार असतं, तेव्हा रोज एकच प्रश्न, कढई चढवायची की नाही. चारनंतर पार्सलला परवानगी आहे, पण पार्सल नेणार कोण? स्टेशनकडे जाणारी गर्दीच नाही. परवा एक बाबा मिसळ खात होते, चारला पाच कमी, तर्री अर्धी उरलेली. माझ्या पोऱ्याने पंखा बंद केला आणि आजूबाजूच्या खुर्च्या उलट्या करून टेबलावर चढवायला लागला. ते बाबा काही न बोलता पाव खिशातल्या रुमालात गुंडाळून उठले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लोकल सुरू झाली की निदान गिऱ्हाईक येईल. तेवढं होऊ दे, मग कोणाला चढू देतात ते नंतर भांडू.

---

रोमात_असते
९ ऑगस्ट, रात्री ११:५०

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. पण सगळे 'उघडा उघडा' म्हणताहेत म्हणून लिहिते.

४ एप्रिलला मुंबईत एका दिवसात ११,१६३ केसेस होत्या. त्याच आठवड्यात बाबांचा ऑक्सिजन खाली यायला लागला. पालिकेच्या १९१६ हेल्पलाइनला फोन, तिथून वॉर्डच्या वॉर रूमचा नंबर, त्यांच्याकडून फोन परत येईपर्यंत आम्ही दोघी बहिणी आळीपाळीने ऑक्सिमीटर हातात धरून बसायचो. ८८ दिसलं की बोट बदलून बघायचं, दुसऱ्या बोटावर ८९ आलं की बरं वाटायचं. बेड मिळाला. उशिरा मिळाला.

१ फेब्रुवारीला लोकल सगळ्यांसाठी उघडली होती, ठरावीक वेळेत. मार्चमध्ये केसेस वाढल्या. मी असं म्हणत नाही की लोकलमुळेच वाढल्या, मायक्रोस्कोप लगेच येतील. पण डोंबिवली, तुमच्या वयाच्या ज्या माणसाला दीड महिना उशिरा गाडी मिळेल त्याच्याविषयी वाईट वाटतं आणि तरी मला वाटतं थांबा. बस.

---

८.१४ची_डोंबिवली
१० ऑगस्ट, सकाळी ६:५५

रोमात_असते, वाचून गप्प झालो. थांबायला माझी ना नाही. मग ऑफिसलाही थांबायला सांगा एवढंच म्हणणं आहे. मी आत्ता ज्या बसमध्ये आहे त्यात खिडक्या पावसामुळे बंद, माणसं दाराला लोंबकळतायत, आणि कंडक्टरने मास्क हनुवटीवर ठेवलाय कारण चष्म्यावर वाफ येते म्हणे. ही गर्दी चालते आणि १२ डब्यांची चालत नाही? गाडीतली गर्दी काय अशीच हवेत विरून गेली का, ती सगळी रस्त्यावर आलीय.

---

मायक्रोस्कोप
१० ऑगस्ट, सकाळी ७:३०

आलोच. रोमात_असते, फेब्रुवारी-मार्चमध्ये लोकल, लग्नं, हॉटेलं, सगळंच एकदम सैल झालं होतं आणि त्याच सुमारास डेल्टा पसरत होता. यातला लोकलचा वाटा वेगळा काढून दाखवता येत नाही. तुमची भीती मात्र बिनबुडाची नाही.

डोंबिवलीचा बसचा मुद्दाही खरा आहे. रोज ७५-८० लाख माणसं लोकलने जायची, ती बंद केल्यावर त्यातली सगळी काही घरी बसली नाहीत.

---

शिक्का_मारणारा
बुधवार, ११ ऑगस्ट, रात्री ११:३५

पालिकेत आहे, ड्युटी स्टेशनवरच्या मदत कक्षाला लागलीय. आजपासून सुरू झालं. मुंबईत ५३ स्टेशनं, ३५८ कक्ष, सकाळी ७ ते रात्री ११, दोन पाळ्या. आत्ता घरी आलो, पाय सुजलेत. लोकांचे हेलपाटे वाचावेत म्हणून लिहितो.

फायनल सर्टिफिकेट लागतं, दोन्ही डोसवालं. पहिल्या डोसनंतर जे मिळतं ते चालत नाही, आज निम्मा वेळ हेच सांगण्यात गेला. फोटो असलेलं ओळखपत्र, ओरिजिनल आणि झेरॉक्स दोन्ही आणा. आम्ही कोविनवर (लसनोंदणीच्या सरकारी पोर्टलवर) तपासतो आणि शिक्का मारतो, मग रेल्वेच्या खिडकीवर जाऊन महिन्याचा पास काढायचा. तिकीट नाही, पासच. ज्याला ऑनलाइन जमतं त्याने ऑनलाइन करा, रांगेत येऊ नका.

आणि कृपा करून सर्टिफिकेट लॅमिनेट करून आणू नका! लोकांनी हौसेने लॅमिनेट केलंय, त्याच्यावर शिक्का बसतच नाही, बोट लावलं की निळा फराटा. आज एका काकांना परत झेरॉक्सला पाठवलं, ते भर पावसात गेले, परत आले तर झेरॉक्स भिजलेली. हाताने फुंकर मारून वाळवली आणि मारला शिक्का.

तेरा दिवस झालेल्यांना परत पाठवावं लागतं. एक मुलगी म्हणाली, दादा, पास उद्यापासूनचा द्या. ते माझ्या हातात नाही गं बाई.

---

विरारची_वेलची
१२ ऑगस्ट, सकाळी ९:१०

दादा, एक अडचण सांगते. माझ्याकडे आणि अंधेरीला दुसऱ्या एका ताईंकडे ज्या मावशी काम करतात त्यांचे दोन्ही डोस झालेत. पहिल्या वेळी त्यांनी माझा मोबाइल नंबर दिला, दुसऱ्या वेळी त्या ताईंचा. झालं काय की कोविनवर दोन वेगळ्या बायका तयार झाल्या, दोघींचा पहिला डोस झालेला! दोन सर्टिफिकेटं आहेत, दोन्हींवर लिहिलंय दुसरा डोस बाकी. दंडाला दोनदा सुई टोचून घेतली आणि कागदावर एकही माणूस पूर्ण नाही.

मावशी विचारतात, मी दोन्ही कागद घेऊन गेले तर नाही का चालणार.

---

शिक्का_मारणारा
१२ ऑगस्ट, रात्री ११:५०

ताई, दोन अर्ध्यांचा एक आम्ही करू शकत नाही, स्क्रीनवर जे दिसतं तेच. जिथे दुसरा डोस घेतला त्या सेंटरला दोन्ही कागद आणि आधार घेऊन जाऊ दे, तिथून दुरुस्ती होते का बघा. अशा केसेस खूप आहेत, आणि बहुतेक सगळ्या कामवाल्या मावशी, वॉचमन, बिगारी. ज्याच्याकडे स्वतःचा फोन त्याला हा त्रास नाही.

---

सडाफटिंग
१३ ऑगस्ट, सकाळी ८:०५

घ्या! मुंबईत डेल्टा प्लसचा पहिला मृत्यू, घाटकोपरची ६३ वर्षांची महिला, दोन्ही डोस झालेले. आता बोला. लस घेऊनही मरायचंच असेल तर सुया कशाला टोचायच्या.

---

गिरगावचा_चाळकरी
१३ ऑगस्ट, सकाळी ८:२०

अहो एका घरातली आई गेलीय, 'घ्या' काय? जिंकल्यासारखं काय लिहिताय.

---

मायक्रोस्कोप
१३ ऑगस्ट, सकाळी ९:००

बातमी पूर्ण वाचा. त्यांना आधीपासून इतर आजार होते. मृत्यू २७ जुलैचा, व्हेरिएंटचा रिपोर्ट आता आला. सिक्वेन्सिंगला वेळ लागतो, आतापर्यंत नमुने बाहेर पाठवावे लागायचे. कस्तुरबामध्ये आता पालिकेची स्वतःची लॅब झालीय, ४ तारखेला उद्घाटन झालं, तिथून पुढे लवकर कळेल.

दोन डोसनंतर लागण होऊ शकते, क्वचित मृत्यूही होऊ शकतो, विशेषतः वय जास्त आणि इतर आजार असले तर. म्हणून तर मी सारखा ओरडतो की लसवंतांच्या डब्यातही मास्क काढू नका, लस घेतलेला माणूस दुसऱ्याला डेल्टा देऊ शकतो हे आता दिसलंय. लशीने मरणाची शक्यता खूप कमी होते, शून्य होत नाही. शून्य कोणी कबूल केलं असेल तर त्याला जाब विचारा, मी नाही केलं.

---

पंगतवाली
१३ ऑगस्ट, दुपारी ४:५०

इकडे माझी वेगळीच गंमत. ११ तारखेला जाहीर झालं, १५ पासून हॉटेल रात्री दहापर्यंत. नाचायचं बाकी होतं. मग आदेश वाचला. काम करणाऱ्या सगळ्यांचे दोन डोस आणि वर १४ दिवस हवेत. माझ्याकडे चार पोरं, बावीस ते सत्तावीस वयाची. एप्रिलमध्ये गावाला गेली, जूनमध्ये आली, जुलैमध्ये मी स्वतः सेंटरला उभी राहून पहिला डोस देववला. ८४ दिवस मोजले की ऑक्टोबर. हॉटेलात पूर्ण लसवंत कोण, तर मी आणि आमचे हे. यांना गुडघ्याचा त्रास आहे, बारा टेबलं यांनी वाढायची का?

डोंबिवली, तुमचं ८४ चं भूत माझ्याही स्वयंपाकघरात आलं बघा.

---

८.१४ची_डोंबिवली
१३ ऑगस्ट, संध्याकाळी ७:१५

ताई, तुमच्या पोरांचं आणि माझं एकच. आम्ही कामाला चालतो, फक्त कामावर जायला आणि कामावर दिसायला चालत नाही.

---

पवईचा_पाऊस
मंगळवार, १७ ऑगस्ट, रात्री ८:३०

रविवारी झेंडावंदनाची सुट्टी, काल पतेतीची, त्यामुळे खरी परीक्षा आज होती. मुद्दाम गेलो बघायला, कांजूरहून सीएसएमटी. हो, मीच, वर्क फ्रॉम होमवाला, पास काढून. वाटलं होतं खच्चून असेल, पण दुपारच्या वेळेला चक्क खिडकी मिळाली. कुर्ल्याला मात्र चढायला-उतरायला तीच जुनी धक्काबुक्की, बरं वाटलं खरं सांगायचं तर.

मॉलचं ऐकलंत का? उघडले आणि दोन दिवसांत बरेचसे परत बंद. दुकानांत काम करणारी मुलंमुली सगळी विशी-पंचविशीची, त्यांचे कुठून आले दोन डोस! गिऱ्हाईक लसवंत आहे, काउंटरवर उभं राहायला कोणी नाही.

---

गिरगावचा_चाळकरी
१७ ऑगस्ट, रात्री ९:०५

आमच्या चाळीतल्या 'हॉस्पिटलवाल्यांपैकी' एकजण आता म्हणतो सर्टिफिकेट छापून मिळतं का बघतो. त्याला म्हटलं बाबा रे, कांदिवलीला सोसायटीत बोगस लसीकरण झालं तेव्हा लोकांनी पैसे मोजून काय टोचून घेतलं ते त्यांनाच माहीत नव्हतं, तू तर न टोचताच कागद मागतोस. आयकार्डवर दंड होतो, यात आत जाशील.

---

आजोबा_ऑनलाइन
१८ ऑगस्ट, सकाळी ६:४०

मुलाला पहिला डोस जुलैत मिळाला, म्हणजे त्याचाही ऑक्टोबर. काल मीच पास काढला आणि त्याचं एक पार्सल अंधेरीच्या ऑफिसला नेऊन दिलं. भांडुप ते दादर, दादर ते अंधेरी. वयाच्या सत्तरीत ऑफिसबॉय झालो, पण दादरचा पूल चढून गेलो याचा आनंद झाला. सूनबाईंना सांगू नका, बागेत गेलो होतो असं सांगितलंय. (हघ्या, म्हणजे हलके घ्या.)

---

मायक्रोस्कोप
२४ ऑगस्ट, सकाळी ७:५०

कस्तुरबाच्या लॅबचा पहिला निकाल आला. मुंबईच्या १८८ नमुन्यांत १२८ डेल्टा, २४ कप्पा, २ अल्फा. म्हणजे मी वर जे म्हटलं होतं, साधा डेल्टाच घरात बसलाय. गणपतीची खरेदी सुरू होईल आता, दादरच्या फूल मार्केटमध्ये जाणार असाल तर सर्जिकल नाही, जरा बऱ्या प्रतीचा मास्क घाला.

---

सडाफटिंग
२४ ऑगस्ट, सकाळी ९:३०

बाइकची क्लच प्लेट गेली. बाकी काही म्हणत नाही.

---

८.१४ची_डोंबिवली
२४ ऑगस्ट, सकाळी ९:३४

या, शिळफाट्याला जागा धरून ठेवतो. आणि लस घ्या, आज घेतली तर डिसेंबर उजाडायच्या आत तरी चढाल.

---

विरारची_वेलची
२५ ऑगस्ट, दुपारी २:१५

मावशींचं झालं नाही अजून. सेंटरला गेल्या, ते म्हणाले आमच्याकडून होत नाही, हेल्पलाइनला फोन करा, हेल्पलाइन ज्या मोबाइलवर नोंद झाली त्यावर आलेला ओटीपी मागते, आणि दुसऱ्या ताई गावाला गेल्यात. त्या परत आल्या की एकत्र बसून करू.

शिक्का दादा, अजून एक. माझी मुलगी १७ ची, नोव्हेंबरमध्ये १८ पूर्ण. बोरिवलीचा क्लास ऑफलाइन घेऊ म्हणतोय. १८ च्या खालच्यांना लसच नाही, मग त्यांना पास मिळतो का?

---

शिक्का_मारणारा
२५ ऑगस्ट, रात्री ११:४०

नाही ताई. १८ खालच्यांबद्दल आमच्याकडे अजून काहीच आदेश नाही, रोज दहाजण विचारतात. मॉलसाठी वयाचा पुरावा चालतो असं आलंय, लोकलसाठी नाही. आदेश आला की इथे टाकतो, तोवर क्लासवाल्यांना ऑनलाइनच चालू ठेवायला सांगा. आणि मावशींना रविवारी सकाळी आमच्या कक्षाकडे पाठवा, गर्दी कमी असते, दोन्ही कागद घेऊन आमच्या साहेबांशी बोलून बघू.